पाच लढाया आणि मुंबईची गोदी: १७८२-८३ च्या सागरी नकाशाच्या नोंदी

८ जानेवारी

नकाशाची चौकट ठरली. डाव्या वरच्या कोपऱ्यात फ्रान्सचं ब्रेस्ट बंदर, खाली केप ऑफ गुड होप, मध्यभागी मॉरिशस (तेव्हाचं इल द फ्रान्स), उजवीकडे सुमात्रातलं आचे. चोलमंडल किनारा आणि श्रीलंकेचा पूर्व किनारा वेगळ्या मोठ्या चौकटीत, कारण पाचही लढाया त्या पट्ट्यात झाल्या. विषय एकच: फ्रेंच नौसेनानी स्यूफ्राँ आणि इंग्रज अ‍ॅडमिरल सर एडवर्ड ह्यूज यांनी हिंदी महासागरात दिलेली झुंज.

मराठीत हा काळ भरपूर लिहिला गेला आहे, पण जमिनीवरचा. वडगाव, सालबाई, हैदर, टिपू. त्याच महिन्यांत समुद्रावर काय चाललं होतं हे आपल्या वाचकाला दिसतच नाही. आणि समुद्र वगळला तर जमिनीवरचे अर्धे निर्णय कळत नाहीत, अशी माझी ठाम समजूत आहे. त्यासाठीच हा नकाशा.

१५ जानेवारी

प्रवासाची रेघ ओढली. २२ मार्च १७८१ ला ब्रेस्टहून फ्रेंच अ‍ॅडमिरल द ग्रासचं मोठं आरमार आणि स्यूफ्राँची पाच लढाऊ जहाजं एकत्रच निघाली आणि पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. द ग्रास पश्चिमेला गेला आणि त्याच सप्टेंबरात त्याने चेसापीकच्या तोंडाशी इंग्रज आरमाराला परतवून यॉर्कटाउनमधल्या इंग्रज फौजेची कोंडी पक्की केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या एका दिवसाचा मोठा हातभार लागला. स्यूफ्राँ पूर्वेला आला. एकाच युद्धाची ही दोन टोकं असल्यामुळे द ग्रासची रेघही फिक्या रंगात ठेवली आहे.

वाटेत १६ एप्रिलला केप व्हर्देच्या पोर्तो प्रायात स्यूफ्राँला इंग्रज कमोडोर जॉन्स्टनचा ताफा नांगरलेला सापडला. जॉन्स्टन फ्रान्सच्या बाजूच्या डचांचं केप जिंकायला निघाला होता. बंदर पोर्तुगालचं, म्हणजे तटस्थ, तरी स्यूफ्राँ तोफा डागत आत घुसला. लढाई गोंधळाची झाली, पण जॉन्स्टन खोळंबला, स्यूफ्राँ आधी केपला पोहोचला आणि केप वाचलं. नकाशावर इथे एक बिंदू आणि तीन ओळी पुरतील.

२७ जानेवारी

मॉरिशसहून ७ डिसेंबर १७८१ ला फ्रेंच आरमार निघालं तेव्हा प्रमुख होता द ऑर्व्ह. हाच माणूस त्याच वर्षी, १७८१ च्या सुरुवातीला, चोलमंडल किनाऱ्यावर आला होता. त्या वेळी इंग्रज सेनापती आयर कूट कडलूरजवळ धान्यावाचून अडकला होता, जमिनीवरून फ्रेंचांचा मित्र हैदर याने त्याला घेरलं होतं आणि समुद्राची वाट द ऑर्व्हच्या हाती होती. तो थोडे दिवस थांबला असता तर कूटच्या फौजेचं काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारीच्या मध्याला तो निघून गेला. हैदरच्या बाजूने ही गोष्ट वाचली की जीव हळहळतो.

९ फेब्रुवारी १७८२ ला द ऑर्व्ह आजारपणात वारला आणि सूत्रं स्यूफ्राँकडे आली. आठवड्याभरात, १७ फेब्रुवारीला, मद्रासच्या दक्षिणेला सद्रासजवळ पहिली लढाई झाली.

लढाई नकाशावर दाखवायची कशी, यावर बराच विचार केला. त्या काळी दोन्ही आरमारं एकामागे एक अशा रांगेत येत, कारण तोफा जहाजाच्या कुशीत असत. शत्रूला कूस दिली तरच मारा करता येई. नाकाड आणि पिछाडी दोन्ही उघडी. म्हणून दोन समांतर रांगा, बराच धूर आणि क्वचितच निकाल, असं चाले. स्यूफ्राँला हे मान्य नव्हतं. शत्रूच्या रांगेच्या शेपटाकडच्या जहाजांवर आपली जास्त जहाजं घालायची, तीही अगदी जवळ जाऊन, आणि पुढची जहाजं वळून मदतीला येण्याआधी काम उरकायचं, असा त्याचा बेत होता. सद्रासला तो निम्माच साधला. त्याच्या मागची काही जहाजं लांबूनच तोफा डागत राहिली. एक्झेटर हे इंग्रज जहाज मात्र पुरतं झोडपलं गेलं.

म्हणून जहाजांची टोकदार चिन्हं आणि प्रत्येकाच्या कुशीला माऱ्याच्या टप्प्याचा फिका पट्टा, असं ठरवलं. कोणतं जहाज टप्प्यात होतं आणि कोणतं नव्हतं हे वाचकाला न सांगता दिसलं पाहिजे.

३ फेब्रुवारी

प्रोव्हिडियन, १२ एप्रिल १७८२. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, फ्रेंचांची १२ जहाजं आणि इंग्रजांची ११. ह्यूजच्या पाठीशी किनारा आणि खडक होते, पुढ्यात स्यूफ्राँ. मॉनमथ या ६४ तोफांच्या जहाजाच्या तीनपैकी दोन डोलकाठ्या पडल्या. त्यावर ४५ माणसं मेली आणि १०२ जखमी झाली. कॅप्टन जेम्स अ‍ॅम्सने तरीही निशाण उतरवलं नाही.

मला या लढाईत खरं गुंतवलं ते नंतरच्या आठवड्याने. दोन्ही आरमारं एकमेकांपासून जेमतेम दोन मैलांवर नांगर टाकून बसली आणि दुरुस्ती करत राहिली. दोघांनाही हलता येत नव्हतं. समोर शत्रू दिसतोय आणि इकडे सुतार डोलकाठीला टेकू देतोय, शीडवाला शिडं शिवतोय, खालच्या मजल्यावर जखमी कण्हताहेत. तोफांची लढाई काही तासांची, दुरुस्तीची लढाई आठवड्यांची आणि महिन्यांची. हे एकदा ध्यानात आलं आणि नकाशाचा गाभाच बदलला.

पाच लढायांत दोन्ही बाजूंचं एकही मोठं लढाऊ जहाज शत्रूच्या हाती पडलं नाही. मग निव्वळ लढायांचे पाच लाल ठिपके काय सांगणार? यापुढे ठळक रंग बंदरांना. पाणी कुठे भरलं, डोलकाठ्या कुठून आणल्या, आजारी माणसं कुठे उतरवली, जहाजांचा तळ कुठे साफ केला. लढायांचे ठिपके राहतील, पण लहान.

१० फेब्रुवारी

वाऱ्यांचा थर चढवला. चोलमंडल किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी काळात जहाजं किनाऱ्याजवळ थांबू शकत. ऑक्टोबरपासून ईशान्येचा वारा सुटला की तोच किनारा जिवावर उठे, कारण वारा थेट जमिनीकडे ढकलतो आणि आडोसा कुठेच नाही. मद्रासला तेव्हा बंदर म्हणावं असं काही नव्हतं. जहाजं उघड्या समुद्रात नांगरत आणि माणसं व माल मसुला होड्यांतून, फुटणाऱ्या लाटांवरून किनाऱ्याला येई. कडलूर आणि पाँडिचेरीचीही तीच गत. त्या बाजूला सुरक्षित खोल बंदर एकच, त्रिंकोमाली, आणि ते जानेवारी १७८२ मध्ये इंग्रजांनी डचांकडून घेतलं होतं.

नागपट्टणमची लढाई (६ जुलै १७८२) या थराशिवाय समजूच शकत नाही. सकाळी वारा नैऋत्येचा, इंग्रज वाऱ्याच्या वरच्या बाजूला, मारामारी ऐन रंगात. दुपारी खारे वारे सुटले आणि दिशा एकदम पालटली. काही जहाजं एका अंगाला वळली, काही दुसऱ्या, दोन्ही रांगा विस्कटून एकमेकांत मिसळल्या. शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे भूगोलाच्या तासाला पाठ केले. इथे त्याच खाऱ्या वाऱ्याने एका लढाईचे दोन तुकडे केले.

त्या गोंधळात सेव्हेर या फ्रेंच जहाजाच्या कप्तानाने, सियारने, निशाण उतरवलं. त्याच्याच अधिकाऱ्यांनी ते मानलं नाही आणि लढत राहून जहाज वाचवलं. स्यूफ्राँने नंतर त्याला पदावरून काढलं. हा प्रसंग नकाशात घेतला आहे. स्यूफ्राँची निम्मी लढाई आपल्याच कप्तानांशी होती. त्यांच्यात उमराव घराण्यांचा मान होता, सेवाज्येष्ठतेचा हिशोब होता आणि रांग न मोडण्याची जुनी शिकवण होती. स्यूफ्राँही मनात काय आहे ते नीट समजावून सांगणारा नव्हता. दोष दोघांचा, असं माझं मत.

११ फेब्रुवारी

कैद्यांची गोष्ट वगळावी का, असं एकाने विचारलं. नाही. स्यूफ्राँकडे कैदी ठेवायला जागा नव्हती, अन्न नव्हतं, आणि मद्रासच्या इंग्रजांशी अदलाबदलीची बोलणी जमली नाहीत. ऑगस्ट १७८२ मध्ये त्याने इंग्रज कैदी हैदरच्या हवाली केले. त्यातल्या अनेकांचे पुढे फार हाल झाले. स्यूफ्राँ मला मनापासून आवडतो, म्हणूनच ही नोंद त्याच्या नावापुढे राहिली पाहिजे.

२४ फेब्रुवारी

त्रिंकोमाली. या चौकटीवर सर्वांत जास्त मेहनत घेतली.

नागपट्टणमनंतर ह्यूज दुरुस्तीसाठी मद्रासला गेला आणि तिथे २० ऑगस्टपर्यंत अडकला. स्यूफ्राँ कडलूरला गेला. त्याच्याकडे गोदी नव्हती, कोठार नव्हतं, जादा डोलकाठ्या नव्हत्या. लहान जहाजांच्या आणि पकडलेल्या जहाजांच्या डोलकाठ्या काढून त्याने मोठ्या जहाजांवर चढवल्या. याच मुक्कामात २६ जुलैला हैदर आणि तो भेटले. मग थेट त्रिंकोमाली. २५-२६ ऑगस्टला फौज उतरली आणि ३१ ला ओस्टेनबर्गचा किल्लाही पडला. ह्यूज २ सप्टेंबरच्या संध्याकाळी पोहोचला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्याला किल्ल्यावर फ्रेंच निशाण दिसलं.

दोन दिवस! मद्रासला दुरुस्ती दोन दिवस आधी आटोपली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. नकाशावर दोघांच्या वाटा तारखेनुसार सरकतात. वाचकाने सरकपट्टी ओढली की एक ठिपका बंदरात शिरतो आणि दुसरा अजून वाटेतच असतो.

३ सप्टेंबरला स्यूफ्राँ बंदरातून बाहेर पडून भिडला. त्याची जहाजं १४, ह्यूजची १२. पण फ्रेंच रांग मोडली, आणि एरो (स्यूफ्राँचं स्वतःचं ७४ तोफांचं जहाज), इल्युस्त्र आणि आजाक्स ही तीनच जहाजं इंग्रजांच्या मधोमध सापडली. एरोची मोठी डोलकाठी निशाणासकट कोसळली. इंग्रजांचेही वुड, वॉट आणि लमली हे तीन कप्तान मेले. संध्याकाळी कुणीच जिंकलं नव्हतं, पण बंदर फ्रेंचांकडे राहिलं. चारच दिवसांनी ओरियाँ हे फ्रेंच जहाज खडकावर चढून गेलं आणि ऑक्टोबरात कडलूरला बिझार. शत्रूने पाच लढायांत घेतलं नाही ते समुद्राने दोन महिन्यांत नेलं.

६ मार्च

आता मुंबई.

१५ ऑक्टोबर १७८२ ला मद्रासच्या किनाऱ्यावर वादळ आलं. ह्यूजची जहाजं विखुरली, डोलकाठ्या गेल्या. किनाऱ्यालगतची तांदळाने भरलेली देशी गलबतं फुटली. शहर आधीच कर्नाटकातून पळून आलेल्या माणसांनी भरलेलं होतं, त्यात धान्य समुद्रात गेलं. रस्त्यांवर माणसं भुकेने मेली. नकाशावर या जागी कोणतंही चिन्ह टाकलं नाही, फक्त मजकूर दिला आहे, आणि तो लढायांच्या मजकुराहून मोठा आहे.

ह्यूज लंकेला वळसा घालून मुंबईला आला, डिसेंबरात पोहोचला. स्यूफ्राँ गेला आचेला. फरक काय पडला हे समजावून घ्यायला मामांकडे गेले. त्यांची सगळी नोकरी गोदीत गेली.

“मामा, जहाज पाण्याबाहेर काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं?”

“अगं, जहाज कुठे काढायचं? पाणी काढायचं,” मामा म्हणाले. “उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं, टेकू लावायचे, ओहोटीला पाणी उतरलं की दरवाजा बंद. उरलेलं उपसायचं. जहाज आपोआप कोरडं.”

मुंबईच्या भरती-ओहोटीत उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो. चोलमंडल किनाऱ्यावर तो जेमतेम एक मीटर. म्हणजे निसर्गानेच एका किनाऱ्याला गोदी दिली आणि दुसऱ्याला नाकारली. मुंबईत १७५० पासून सुकी गोदी होती, पुढच्या पंधरा वर्षांत ती वाढवली गेली. हिंदुस्थानात इंग्रजांच्या ताब्यात अशी सोय दुसरीकडे नव्हती. सुरतेहून १७३६ मध्ये आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांच्यामागून त्यांचे मुलगे माणेकजी आणि बोमनजी यांच्या देखरेखीखाली तिथे काम चाले. मलबारचं सागवान, पारशी मिस्त्री, आणि दरवाज्याआड कोरडं पडलेलं इंग्रज लढाऊ जहाज. तळाचं शेवाळ खरवडायचं, लाकूड पोखरणाऱ्या किड्याने खाल्लेल्या फळ्या बदलायच्या, तांब्याचे पत्रे पुन्हा ठोकायचे. ह्यूजच्या जहाजांना तांब्याचे पत्रे होते. स्यूफ्राँच्या काही जहाजांना नव्हते, आणि रांगेचा वेग सगळ्यांत मंद जहाजाचा.

मॉरिशस होतं, पण फार लांब, आणि तिथेही सामानाची टंचाई. म्हणून आचे. तिथे पाणी मिळालं, विसावा मिळाला, गोदी नाही.

माझ्या नकाशाचं म्हणणं या चौकटीत आहे. ह्यूज हा स्यूफ्राँच्या तोडीचा सेनानी नव्हता, हे त्या काळच्या इंग्रजांनाही कळत होतं. तरी तो प्रत्येक वेळी पुन्हा उभा राहिला, आणि शेवटच्या वर्षी ज्या बळावर उभा राहिला ते बळ कुलाब्याजवळच्या त्या दगडी खळग्यात होतं. मुंबईच्या माणसाला हे माहीत असायला हवं.

१५ मार्च

गोदी दाखवली की प्रश्न येतोच: तिच्या पाठीवर तेव्हा कोण होतं? पुणं.

१७७७ मध्ये फ्रेंच माणूस सां ल्यूबँ चौलला उतरून पुण्याला आला. नाना फडणविसांनी त्याचा मोठा आदरसत्कार केला आणि इंग्रज वकील मॉस्टिनच्या डोळ्यांदेखत केला. फ्रेंचांना चौल बंदर देण्याची बोलणी होती. फ्रान्सने त्याला खरोखर किती अधिकार दिला होता याबद्दल शंकाच घ्यावी असा तो माणूस, पण कलकत्त्यात इंग्रज गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची झोप उडवायला तेवढं पुरलं. क्षणभर चौल फ्रेंचांच्या हाती कल्पून पाहा. स्यूफ्राँला पश्चिम किनाऱ्यावर मुंबईच्या दाराशीच आसरा मिळाला असता. नकाशावर चौलला पोकळ वर्तुळ दिलं आहे.

एप्रिल १७८१ मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्ड बोरघाटातून पनवेलकडे मार खात मागे हटला. म्हणजे गोदीत हातोडे चालू होते तेव्हा पन्नास कोसांच्या आत युद्ध होतं. १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. फ्रेंचांशी संबंध ठेवायचा नाही आणि हैदरकडून इंग्रजांचा मुलूख सोडवून द्यायचा, अशी कलमं पेशव्यांनी त्यात स्वीकारली. तरी नानांनी तहावर शिक्का उठवायला सात महिने लावले. ७ डिसेंबरला हैदर वारला, २० डिसेंबरला तह मंजूर झाला. तोवर हैदर आणि स्यूफ्राँ मिळून इंग्रजांना किती दमवतात हे नाना पाहत होते, असंच मला दिसतं. स्यूफ्राँच्या तोफांचा आवाज पुण्याच्या दरबारात वजन धरून होता.

आणि ह्यूज मुंबईला पोहोचला तोही याच डिसेंबरात. गोदीच्या पाठीवरचं युद्ध मिटलेलं होतं.

२१ मार्च

कोकणचा एक ठिपका वाढवला. २० मार्च १७८३ ला ह्यूज दुरुस्त जहाजं घेऊन मुंबईहून निघाला. त्याच्यामागून, ८ एप्रिलला, विजयदुर्गच्या आनंदराव धुळपांच्या आरमाराने मुंबईहून दक्षिणेला निघालेलं रेंजर हे इंग्रज जहाज गाठून घेतलं. त्यावर बेदनूरच्या इंग्रज फौजेकडे निघालेले अधिकारी होते. कर्नल हंबरस्टन जखमांनी मेला, कर्नल मॅक्लाऊड जखमी झाला. तह मंजूर झाल्यानंतरची ही झुंज. मराठी वाचक या ठिपक्यावर आधी बोट ठेवणार, याची खात्री आहे. म्हणून इथूनच पुढे, वळसा घालून, कडलूरकडे जाणारी रेघ ठळक केली.

३ एप्रिल

कडलूर, १७८३. मार्चमध्ये वृद्ध, आजारी फ्रेंच सेनापती बुस्सी फौज घेऊन त्रिंकोमालीला आला आणि तिथून कडलूरला. जूनमध्ये इंग्रज जनरल स्टुअर्टने त्याला तिथेच घेरलं. ह्यूजची १८ जहाजं समुद्राकडून पाठ राखत होती, स्यूफ्राँकडे १५ होती. माणसं कमी पडत होती म्हणून त्याने कडलूरच्या फौजेतली १,२०० माणसं, गोरी आणि शिपाई मिळून, जहाजांवर घेतली. द ग्रास आदल्या वर्षी स्वतःच्या जहाजासकट कैद झाल्यावर फ्रान्सच्या राजाने हुकूम काढला होता: सेनापतीने रांगेत न राहता लहान जहाजावरून सूत्रं हलवावीत. स्यूफ्राँ त्या दिवशी क्लेओपात्र या फ्रिगेटवर होता. आपली जहाजं भिडताना त्याने बाजूने पाहिलं. त्याच्या स्वभावाच्या माणसाला हे किती जड गेलं असेल!

२० जूनला दुपारी चारच्या सुमाराला तोफा सुरू झाल्या आणि अंधार पडेपर्यंत चालल्या. कोणतंही जहाज बुडालं नाही. पण ह्यूजकडे पिण्याचं पाणी संपत आलं होतं आणि ताज्या फळभाज्यांअभावी होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने माणसं आडवी झाली होती. तो मद्रासला गेला आणि स्टुअर्टची फौज समुद्राकडून उघडी पडली. मुंबईने लाकूड आणि तांबं नीट करून दिलं होतं, माणसांची शरीरं तीन महिन्यांत पुन्हा ढासळली. पाण्याची पिंपं नकाशावर पहिल्यापासून दाखवली ती या लढाईसाठी.

९ एप्रिल

शेवटचा थर बातमीचा. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये तहाचा मसुदा व्हर्सायला २० जानेवारी १७८३ ला सह्या होऊन पक्का झाला होता. मद्रासहून पांढरं निशाण लावून मेडिया हे जहाज कडलूरला आलं ते २९ जूनला. कडलूरच्या समुद्रावर दोन्हीकडची मिळून सुमारे दोनशे माणसं मेली तेव्हा त्यांच्या देशांमधलं युद्ध थांबून बरोबर पाच महिने झाले होते. त्यात अशी माणसं होती ज्यांना काही दिवसांपूर्वीच जमिनीवरून उचलून तोफेशी उभं केलं होतं.

बातमीची रेघ राखाडी ठेवली आणि तारखेच्या सरकपट्टीला जोडली. ती अतिशय हळू सरकते, हेच हवं होतं. चाचणीसाठी तिघांना पाठवली. तिघांनीही ती मधेच पुढे ढकलून पाहिली. पुढे ढकलता येणार नाही असं आता केलं आहे.

स्यूफ्राँच्या परतीची रेघ तूलाँपर्यंत नेली, मार्च १७८४. वाटेत केपला इंग्रज कप्तान, म्हणजे ज्यांच्याशी तो दीड वर्ष लढला तेच, त्याला मानवंदना द्यायला त्याच्या जहाजावर आले. तिथे एक बिंदू आणि दोन ओळी. त्रिंकोमाली डचांना परत गेलं, नागपट्टणम इंग्रजांनी ठेवलं. दोन्हींचे रंग बदलले. उद्या मोबाइलवर अक्षरं नीट दिसतात का ते तपासून नकाशा सर्वांसाठी खुला करते.